दोन्ही बाजूंचं प्लास्टर

सगळे त्यांना अंदाजेराव म्हणत. हे त्यांचं नाव नव्हे, आडनाव तर नव्हेच नव्हे. कंत्राटदाराच्या ऑफिसात खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचं आणि जी इमारत अजून जमिनीतून वर आलेली नाही तिला विटा किती लागतील, सिमेंट किती, गवंडी किती, हे कागदावर मांडायचं, हे त्यांचं काम. कुण्या एका सुतारानं कधीतरी हे नाव ठेवलं आणि ते डिंकासारखं चिकटलं. गंमत अशी की 'अंदाजे' या शब्दाचाच त्यांना मनस्वी राग. कुणी "अंदाजे किती लागेल हो?" असं विचारलं की ते चष्मा काढून पुसायला घेत. "पाऊस अंदाजे पडतो," ते म्हणत, "विटा मोजून लागतात."

त्यांचं एक तत्त्व होतं आणि ते ऐकून ऐकून ऑफिसातल्या माणसांचे कान किटले होते. आधी माप ठरवा, मग मोजा. मापच चुकलं तर मोजणी कितीही बरोबर असो, सगळं मुसळ केरात. दरवाजा नगावर, पण त्याची चौकट लाकडाच्या घनफुटावर. रंग चौरस फुटावर. भिंतीच्या पायाशी फरशीची पट्टी लावतात ती नुसत्या लांबीवर. तिची उंची कुणी विचारत नाही. आणि भिंतीचं सगळं जाडीवर. नऊ इंची भिंत घनफुटात मोजायची, कारण तिला पोट असतं. चार इंची भिंत, म्हणजे एका विटेच्या रुंदीएवढी, चौरस फुटात मोजायची, कारण तिची जाडी ठरलेलीच असते, तिला नुसतं तोंड असतं. कागदावर भिंतीपुढे कुठलं माप लिहिलंय एवढं पाहिलं तरी जाणत्याला भिंत कसली आहे ते कळतं.

माणसांबद्दलही त्यांचं असंच एक म्हणणं होतं. "माणूस रोजावर घेतला की तो घड्याळाकडे बघतो. फुटावर घेतला की भिंतीकडे बघतो. आणि ठोक रकमेला घेतला की दाराकडे बघतो." एका रंगाऱ्यानं एकदा नक्षीच्या जाळ्या रंगवायचं काम नगावर घेतलं होतं. प्रत्येक जाळीत इतकी वेलबुट्टी की ब्रश आत घालता घालता तो रडकुंडीला आला. तो तक्रार घेऊन अंदाजेरावांकडे आला तेव्हा ते म्हणाले, "अरे, नग म्हटलं की पाटीसुद्धा नग आणि हत्तीसुद्धा नग. मला आधी विचारायचंस." मग त्यांनीच कंत्राटदाराशी बोलून त्याचं माप बदलून दिलं.

असा हा माणूस कामाला चोख, बोलायला तिरकस आणि मोजायला एकटा. टेपचं एक टोक ते खिळ्याला अडकवत, खिळा नसला तर विटेखाली दाबत, आणि दुसरं टोक घेऊन चालत जात. कुणी मदतीला पुढे आलं तर म्हणत, "राहू दे." घरी काही मोजायचं असलं तर पूर्वी टोक धरायला बायको असायची. ती टोक धरून उभी राहायची आणि तेवढ्यात त्यांच्याकडून ऑफिसातल्या गोष्टी काढून घ्यायची. ते अर्ध्यात थांबले की विचारायची, "मग?" एवढा एकच शब्द. मोजून झालं तरी तिचं "मग?" संपत नसे. ती गेल्यावर अंदाजेरावांनी घरातलं काही मोजलंच नाही.

घर वडिलांनी बांधलेलं, साधं, एका मजल्याचं. पुढच्या भागात धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांचा मुलगा राहत. मागच्या दोन खोल्या अंदाजेरावांच्या. दोन्हींच्या मध्ये पूर्वी एक लांबलचक सामाईक खोली होती. अंदाजेरावांची बायको गेल्यावर त्यांनीच त्या खोलीत प्लायवूडचं पार्टिशन घालून घेतलं होतं, छताला न टेकणारं, वर हातभर आणि कडेला माणूस जाईल एवढं मोकळं. भावानं तेव्हा पुष्कळ सांगून पाहिलं. पण आपलं ओझं कुणावर नको म्हणून ते स्वतः रांधून, स्वतः खाऊन, आपली आपण भांडी घासू लागले. एवढं करून त्यांना काय मिळालं, तर सकाळ-संध्याकाळ पार्टिशनवरून येणारे आवाज. कुकरची शिट्टी. धाकटीचं, म्हणजे भावाच्या बायकोचं, मुलावर ओरडणं. भावाचं शिंकणं, जे कधीही एकावर थांबत नसे. भाऊ पाचव्या शिंकेला आला की अंदाजेराव आपल्या खोलीत गालातल्या गालात हसत. कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं, पण त्या आवाजांवर तो माणूस जगत होता.

आणि संध्याकाळी दिवे लागले की ते खुर्ची ओढून बसत आणि दिवसभराचं सगळं बायकोला सांगत. मोठ्यानं सांगत. डोकं अगदी ठिकाणावर होतं त्यांचं, ती नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण दिवसभराचं पोटात ठेवून झोपणं त्यांना जमत नसे. सांगता सांगता मध्येच ते थोडं थांबत, तिच्या "मग?"ला जागा ठेवत, आणि पुढे बोलत. त्या दिवसांत एका गोदामाच्या छपराची कथा चालू होती. छपराचे पत्रे कुणीतरी जमिनीच्या मापानं धरले होते. छप्पर उतरतं, उताराची लांबी जमिनीपेक्षा जास्त भरणार आणि पत्रे कमी पडणार, हे अंदाजेरावांनी ओरडून सांगितलं. पण गोदामाचा मालक काही केल्या ऐकेना. "जमीन माझी, माप माझं," म्हणाला. हे सगळं संध्याकाळी खुर्चीत बसून, हातवारे करून सांगितलं जात होतं.

अशात एका सकाळी धाकटा भाऊ पार्टिशनच्या कडेनं आत आला आणि खाटेच्या टोकावर बसला. तो असा टोकावर बसला की काहीतरी अवघड बोलायचं असतं, हे अंदाजेरावांना लहानपणापासून माहीत होतं.

"दादा, पोराचं लग्न ठरलं."

"हो, ऐकलं मी," अंदाजेराव म्हणाले. पार्टिशनवरून ऐकलं होतं.

"नवी सून येईल घरात. त्यांना एक स्वतंत्र खोली हवी. म्हणून म्हटलं, हे प्लायवूड काढून टाकू आणि पक्की भिंत घालू. तुझी बाजू तुला, आमची आम्हाला. तुझं बाहेरचं दार आहेच वेगळं." मग घाईनं म्हणाला, "तुला वाईट नाही ना वाटलं?"

"भिंतीचं काय वाईट वाटायचं? मी आयुष्यभर भिंतीच मोजल्या."

"मग तूच काढ ना अंदाज."

"अंदाज नाही," अंदाजेराव म्हणाले, "हिशेब."

भाऊ गेल्यावर ते पार्टिशनसमोर उभे राहिले. टेप काढला, टोक खिळ्याला अडकवलं, लांबी घेतली, उंची घेतली. मग टेबलाशी बसून कोरा कागद घेतला आणि पहिल्याच ओळीवर थांबले. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पुढे काय लिहायचं, घनफूट की चौरस फूट?

छताचं वजन त्या भिंतीवर येणार नव्हतं. म्हणजे चार इंची चालली असती. नऊ इंचीही चालली असती, आणि खरं विचाराल तर दोन कुटुंबांच्या मध्ये घालायची भिंत नऊ इंचीच घालतात. हे दुसऱ्या कुणाचं घर असतं तर अंदाजेरावांनी डोळे मिटून नऊ इंची लिहिली असती. पण नऊ इंची भिंतीतून शिंक ऐकू येत नाही. कुकरची शिट्टी आलीच तर दुसऱ्याच गावाहून आल्यासारखी येते. चार इंचीतून बोललेलं कळत नाही, पण कुणीतरी बोलतंय एवढं कळतं. तेवढं त्यांना पुरलं असतं. आपण आता साठीच्या पुढे, आपल्याला भेटायला कुणी येत नाही, आणि हे आवाज गेले तर या दोन खोल्यांत आपण आणि नळाचं पाणी एवढंच उरेल, हे त्यांना त्या कागदासमोर अगदी स्वच्छ दिसलं. त्यांनी लिहिलं, चौरस फूट. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माप स्वतःसाठी निवडलं होतं आणि त्यांचे कान गरम झाले.

सुट्टीच्या दिवशी सगळे जमले. म्हणजे भाऊ, धाकटी आणि अंदाजेराव. मुलगा होणाऱ्या बायकोशी फोनवर बोलत अंगणात फेऱ्या घालत होता. भावानं कागद घेतला, धाकटी त्याच्या खांद्यावरून वाचू लागली. तिला त्यातलं किती कळत होतं कोण जाणे, पण तिनं नेमका तोच प्रश्न विचारला.

"दादा, या भिंतीतून आवाज येईल का?"

अंदाजेरावांना खोटं बोलता आलं असतं. पण ज्या माणसानं कधी अर्धी वीट लपवली नाही त्याला ऐन वेळी खोटं सुचत नाही. "येईल," ते म्हणाले. "शब्द नाही कळायचे. पण आवाज येईल."

धाकटी नवऱ्याकडे बघेना, त्यांच्याकडेही बघेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मग जाड करा. आवाज नकोच यायला."

"अगं, त्यात काय एवढं?" भाऊ म्हणाला.

"नको म्हटलं ना. जाडच करा."

अंदाजेरावांना वाटलं, कुणीतरी आपल्या पुढ्यातलं ताट उचलून नेलं. पण तोंडानं ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. नवी माणसं यायची घरात." आणि त्यांनी तिथल्या तिथे चौरस फूट खोडून घनफूट लिहिलं, जाडीनं गुणलं, विटा वाढवल्या. 

कागद परत घेताना भावाचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. "दादा, हे प्लास्टर बघ जरा. एकाच बाजूचं धरलंयस."

अंदाजेरावांनी चष्मा पुसून पाहिलं. खरंच. भिंतीला दोन बाजू असतात, प्लास्टर दोन्हीकडे मोजायचं असतं, हे नव्यानं कामाला लागलेल्यालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्यांनी फक्त आपल्या बाजूचं मोजलं होतं. पलीकडची बाजू त्यांच्या डोक्यातच आली नव्हती.

"पट्टीच्या पोहणाऱ्याच्याही नाकात पाणी जातं कधी कधी," भाऊ हसून म्हणाला. अंदाजेराव हसले नाहीत. त्यांनी आकडा दुप्पट केला आणि कागद घडी करून त्याच्या हातात दिला.

गवंडी आला. जुन्या ओळखीचा, बडबड्या. "काय अंदाजेराव, घरचं काम. रोजावर की ठोक?"

"घनफुटावर. आणि ओळंबा नीट लाव, मी इथेच बसणार आहे."

ते खरंच तिथेच बसले. ऑफिसातून रजा घेतली होती आणि ती कशासाठी हे कंत्राटदारालाही कळलं नाही. प्लायवूड निघालं तेव्हा पलीकडची सगळी खोली दिसली: भावाचा चष्मा खिडकीत, धाकटीची शिवणाची टोपली, आणि भिंतीला टेकून ठेवलेली एक मोडकी खुर्ची, जी कधीकाळी त्यांच्याच बायकोनं दिली होती. मग विटांचे थर चढत गेले. गुडघ्यापर्यंत भिंत आली तेव्हा पलीकडून धाकटीनं गवंड्याला पाणी दिलं. छातीपर्यंत आली तेव्हा भाऊ वरून डोकावून बोलला. गवंडी बांबूच्या पाडावर चढला आणि भाऊ दिसेनासा झाला, पण त्याची शिंक येत होती. दुसरी आली, तिसरी आली. चौथीच्या आत गवंड्यानं छताशी शेवटची वीट ठोकून बसवली आणि पुढची आलीच नाही. ती आली असणार, त्यांना ऐकू आली नाही.

"झाली बघा भिंत," गवंडी म्हणाला. "तोफ डागली तरी कळायचं नाही पलीकडे."

दोन्ही बाजूंना प्लास्टरही झालं. भिंत ओली होती, तिला पाणी मारायचं होतं. अंदाजेराव आपल्या बाजूनं मारत, पलीकडून कोण मारत होतं ते दिसत नव्हतं. एका दुपारी दारात धाकटी उभी राहिली, हातात रिकामा तांब्या. पूर्वी पार्टिशनच्या कडेनं दोन पावलांत यायची, आता रस्त्यावरून वळसा घालून आली होती, म्हणून की काय, पाहुण्यासारखी उंबऱ्यात थांबली.

"पाणी मारताय ना दादा? आमच्या बाजूनं मी मारते."

"मारतो."

ती जाईना. मग भिंतीकडे बघत, जणू भिंतीलाच सांगतेय अशी म्हणाली, "तुम्ही माझ्यावर रागावलात. ह्यांच्यासमोर मला बोलता आलं नाही. तुम्ही संध्याकाळी ताईंशी बोलता ना, ते आम्हाला ऐकू येतं."

अंदाजेरावांच्या हातातली बादली खाली टेकली.

"पहिल्यापासून येतं. ह्यांना एका कानानं कमी ऐकू येतं, त्यांचं काही नाही. पण मी स्वयंपाक करता करता ऐकते. चोरून नाही हो, येतंच ते. आता नवी मुलगी येणार. तिला काय माहीत? ती हसेल, नाहीतर घाबरेल. आणि कधीतरी तुम्हाला कळलं की लोक ऐकतात, तर तुम्ही बोलायचंच सोडून द्याल. म्हणून म्हटलं, भिंतच जाड असू दे. तुम्हाला मोकळेपणी बोलता येईल."

पलीकडचं आपल्याकडे येतं तसं आपलंही पलीकडे जातं, एवढी साधी गोष्ट. भिंतीला दोन बाजू असतात. दोन्ही वेळा त्यांनी एकच मोजली होती.

धाकटी वळली आणि पायरीवरून म्हणाली, "ते गोदामाच्या छपराचं काय झालं, ते मात्र मला कळलं नाही. मध्येच भिंत आली." आणि गेली.

त्या संध्याकाळी दिवे लागले. अंदाजेरावांनी खुर्ची ओढली. सांगायला आज भरपूर होतं, कारण गोदामाच्या छपराचा निकाल लागला होता, आणि तोही असा की बायको पोट धरून हसली असती. भिंत जाड होती, पलीकडे कुणी ऐकणार नव्हतं, कसली चोरी नव्हती. त्यांनी सुरुवात केली. "अगं, तर काय झालं..." आणि पुढे शब्द आला नाही. त्यांनी घसा खाकरला, पाणी प्यायले, पुन्हा "तर काय झालं" म्हणाले. आवाज खोलीत चार पावलं गेला आणि नव्या प्लास्टरला लागून तिथेच पडला.

मग त्यांना हळूहळू कळलं. एवढी वर्षं आपण बायकोशी बोलत होतो हे खरं, पण नुसतं तिच्याशीच बोलत असतो तर एवढ्या मोठ्यानं कशाला बोललो असतो? ती तर पुटपुटलेलंही ऐकायची. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता तोवर बोलणं जमत होतं. पलीकडे कुणीतरी आहे, एवढ्याच आधारावर ते खुर्चीत बसून बोलत होते, आणि हे त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं. रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं, मग तोंड धुतलं.

टेबलाच्या खणातून त्यांनी टेप काढला. चपला घातल्या. आपल्या दारानं बाहेर पडून, रस्त्यावरून वळसा घालून, ते भावाच्या दाराशी गेले. आपल्या वडिलांच्या घराचं दार त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ठोठावलं.

धाकटीनं दार उघडलं. हातात झारा होता.

"प्लास्टर मोजायचं राहिलंय," अंदाजेराव म्हणाले, "तुमच्या बाजूचं."

"परवा गवंड्यानं मोजलं की."

"गवंड्याचं माप गवंड्यापाशी. माझं मी घेतो."

तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि बाजूला झाली. भाऊ आत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपला होता. भिंत या बाजूनं जास्त गुळगुळीत झाली होती, किंवा दिव्यामुळे तशी वाटत होती. अंदाजेरावांनी सवयीनं खिळा शोधला. नव्या भिंतीला खिळा कुठून असणार? वीटही नव्हती. ते टेपचं टोक हातात धरून तसेच उभे राहिले.

धाकटीनं झारा ठेवला, हात पुसले, टोक त्यांच्या हातातून घेतलं आणि भिंतीच्या त्या कडेला जाऊन धरून उभी राहिली. अंदाजेराव टेप सोडत सोडत मागे सरकले. टेप ताणला गेला. आकडा समोर होता, पण त्यांनी तो वाचला नाही.

"ते छपराचं," ते म्हणाले. "मालक काही ऐकेना. शेवटी स्वतःच शिडी लावून वर चढला."

धाकटीनं टोक घट्ट धरलं होतं.

"मग?" तिनं विचारलं.